पाठमोरी

निवृत्त बाइंडरला एकच खूळ होतं: एका जुन्या चित्रकाराची सुरुवातीची बालपुस्तकं जमवायची. रद्दीची दुकानं पालथी घालून त्याने सातही मिळवली. प्रत्येक पुस्तकात कोपऱ्यात कुठेतरी एक मुलगी पाठमोरी उभी असायची, अंगात फ्रॉक आणि डोक्यावर मोठी टोपी. पहिल्यात इवलीशी, सातव्यात चांगली उंच. "तेव्हा चेहऱ्यांवर हात बसला नसणार," असं तो सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचा.

एकदा तो पुस्तकांची पिशवी घेऊन चित्रकाराच्या म्हाताऱ्या बायकोकडे गेला. पानं उलटताना ती हसली. "मांजर काढायचं तर आधी मांजर पकडून आणायचे हो. वस्तू समोर असल्याशिवाय एक रेघ ओढायचे नाहीत."

"मग ही मुलगी कोण, आजी?"

"आमचीच." तिने उठून कपाट उघडलं. आत चित्रातले सातही फ्रॉक लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले होते. वरच्या फळीवर ती टोपी. बाइंडरने सवयीने शिवणी निरखल्या. एकही उसवलेली नव्हती, कुठे डाग नव्हता, गुडघ्याशी साधी चुणीसुद्धा नव्हती.

"कुठे असते ती आता?"

"नऊ दिवसांची होऊन गेली. फ्रॉक मी ह्यांना दरवर्षी अंदाजाने शिवून द्यायचे, थोडा मोठा."

तिने कपाट हळूच लावलं.


"चेहरा मी कुठून आणून देणार होते?"