उंबरठ्यावरचा पाहुणा

बारा वाजता हुकमावर सही व्हायची होती, आणि अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

टेबलाच्या एका टोकाला पंतप्रधान. त्यांच्या उजवीकडे सरसेनापती, डावीकडे टीव्हीवर रोज दिसणारे प्राध्यापक. अगदी शेवटी, दाराजवळच्या खुर्चीत, परराष्ट्र खात्यातल्या बाई. शेजारच्या देशातली गावोगावची वर्तमानपत्रं वाचायची आणि त्यातलं कामाचं वर कळवायचं, हे काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. खात्यात सगळे त्यांना रद्दीवाल्या बाई म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं. आज त्यांना बोलावलं होतं ते विचारलं तर उत्तर द्यायला. अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

पडद्यावर उपग्रहाची छायाचित्रं होती. नदीपलीकडे चाळीस हजारांची फौज, तंबू, रणगाड्यांच्या रांगा. धरणाच्या पाण्यावरून दोन वर्षं धुसफूस चालली होतीच, आणि काल पलीकडचे अध्यक्ष भाषणात म्हणाले होते, "आम्ही त्यांच्या उंबरठ्यावर उभे आहोत." प्राध्यापकांच्या मते ही उघड धमकी होती. आजच्या जगात जो आधी हात उचलतो त्याचंच चालतं, असं त्यांनी तीन देशांची उदाहरणं देऊन पटवलं. सरसेनापती मोजकं बोलले. थांबलो तर माझी माणसं जास्त मरतील, म्हणाले. पूल ताब्यात घेऊन आपणच पलीकडे जायचं. पंतप्रधानांनी कागद पुढे ओढला.

बाई उठून उभ्या राहिल्या. 

"साहेब, तो माणूस लढायला आलेला नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. खात्याच्या सचिवांनी डोळे वटारले, पण आता बाई थांबणार नव्हत्या. नदीपलीकडच्या जिल्ह्याचा परवाचा पेपर त्यांनी टेबलावर पसरला. तिथल्या मोठ्या इस्पितळात येत्या सोमवारपासून मोतीबिंदूची दोनशे ऑपरेशनं होती. तारीख, वेळ, सगळं छापलं होतं. ज्याला लढायचं असतं तो आधी खाटा रिकाम्या करतो, त्या म्हणाल्या. इथे तर खाटा भरायचं चाललंय. काठावरच्या तीन शाळांत परीक्षा ठरल्याप्रमाणे होणार होत्या. आपल्या घरातली पोरं तोफांच्या तोंडी बसवून कुणी पेपर सोडवून घेत नाही.

आणि तो उंबरठा. पलीकडच्या नदीकाठच्या गावांत भाऊबंदांचं वाजलं की समेट करू पाहणारा उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. तोंडाने काही मागत नाही. आपण दुबळे दिसू नये म्हणून दहा माणसं सोबत आणतो. घरधन्याने 'आत ये' म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाही. घरधन्याने तोंडावर दार लावलं, तर मात्र सात पिढ्यांचं वैर.

प्राध्यापक हसले. त्या देशाच्या राजधानीत आपण पाच वर्षं शिकवलंय, असा अर्थ कधी कानावर आला नाही, असं ते म्हणाले.

"राजधानीत नसेल," बाई म्हणाल्या. "अध्यक्ष नदीकाठचे आहेत. पुढच्या महिन्यात त्यांची निवडणूक आहे. नुसते मागे फिरले तर घरचे खातील, पुढे आले तर आपण. त्यांची इकडे आड तिकडे विहीर झालीय."

सरसेनापतींनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर 'आत या' म्हणायला केलेला एक फोन फुकट गेला, साहेब. तुमची फौज आहे तिथेच असेल. तुम्ही चुकलात तर मात्र काहीच परत घेता येणार नाही."

पंतप्रधानांनी पेन खाली ठेवलं आणि फोन जोडायला सांगितला. दुभाषा पुढे सरकला, पण त्याला राजधानीची भाषा येत होती, नदीकाठची नाही. बाईंनीच फोन हातात घेतला. पलीकडे अध्यक्ष बोलायला आले, तेव्हा बाईंनी नमस्कारही केला नाही. नदीकाठच्या बोलीत एवढंच म्हणाल्या, "असे दारात काय उभे? आत या की."

घड्याळात बाराला चार मिनिटं कमी होती. प्राध्यापकांनी चष्मा काढून हातात धरला होता.

मग पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा खोल श्वास ऐकू आला. ही बाई कुठली, अध्यक्षांनी विचारलं. आपली थोरली मावशी अशी बोलायची. मग ते भरभर बोलत राहिले, आणि बाई एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेल्या. फौज आजच मागे घेतो. उद्या दहा वाजता पुलावर येतो, पाण्याचं एकदाचं ठरवून टाकू.

अडीच वाजता नवी छायाचित्रं आली. तंबू उतरले होते आणि रणगाड्यांची तोंडं उलट्या दिशेला होती. पंतप्रधान खुर्चीतून उठले, त्यांच्या पाठोपाठ सगळी खोली उठली, आणि त्या टाळ्यांत कुठे पाहावं ते बाईंना कळेना. प्राध्यापक टेबलाला वळसा घालून आले. "बाई, मी पाच वर्षं चुकीच्या गावात काढली," ते म्हणाले, आणि मनापासून हसले.

बाई बाहेर पडल्या तेव्हा व्हरांड्याच्या खिडकीशी सरसेनापती फोन लावत होते. त्यांना पाहून ते थांबले.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "लष्करात डॉक्टर आहे. पूल ओलांडणाऱ्या पहिल्या तुकडीत होती."

तेवढ्यात फोन लागला. सरसेनापती खिडकीकडे वळले.

"बाळा, सामान बांध. नाही गं, पुढे नाही. घरी."