फळीवरची बरणी

शर्यतीच्या छोट्या गाडीसाठी पेट्रोलमध्ये वंगणाचं नवं तेल मिसळलं, की मेस्त्री त्यातलं थोडं आधी काचेच्या बरणीत दिवसभर ठेवत. तेल वेगळं झालं नाही तरच बाकीचं टाकीत ओतत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत, "मग दुसरा मेस्त्री बघा."

त्या सकाळी बरणी फळीवर ठेवली, तोच लेक हेल्मेट घेऊन दारात हजर. "बाबा, शर्यत दुपारीच आहे! भरा ना तेच."

मेस्त्रींनी बरणी उजेडात धरली. छान एकजीव दिसत होतं. लेकीपुढे त्यांचं कधी काही चाललं होतं? टाकी भरून दिली.

तिसऱ्या फेरीत भर वेगात इंजिन जाम झालं आणि मागच्या गाड्या तिच्यावर आदळल्या.



संध्याकाळी हॉस्पिटलातून एकटेच परतलेले मेस्त्री तिचं हेल्मेट फळीवर ठेवायला गेले, तेव्हा बरणीत तेल तळाला बसलं होतं आणि वर नितळ पेट्रोल.