मोठ्या भोपळ्याचं बी

"लहानच लाव गं, उषे," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन पुड्यांतली मोठ्या भोपळ्याच्या बियांची पुडी बाजूला सारली. "लहान पिशवीत तरी मावतो. हा दहा किलोचा धोंडा अण्णांकडे नेशील कसा?"

परसात नुकत्याच खणलेल्या आळ्यापाशी उषा बसली होती. अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने लावायची, ही त्यांच्या घरची रीत. नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती प्रत्येक भोपळा पिशवीत घालून शेजारच्या अण्णांच्या ओटीवर नेत होती. अण्णा आधी पेपर संपवायचे. मग बसल्या जागेवरून सुरीचं टोक भोपळ्याला टेकवायचे. बाकी कापणं, किसणं, घारगे तळणं आणि त्यातले चार त्यांना नेऊन देणं, सगळं तिच्याकडे.

गेल्या खेपेला तर त्यांनी मानही वर केली नव्हती. "ठेव तिथे. संध्याकाळी बघू." घरी तिचा गूळ विरघळून तयार होता.

उषाने सारलेली पुडी पुन्हा ओढून घेतली आणि मोठ्या भोपळ्याच्या चार बिया आळ्यात दाबल्या.

"अगं, पण हा उचलणार कोण?"

"कुणीच नाही. पिकेल तिथेच कोयता घेऊन बसेन मी," हाताची माती झटकत उषा म्हणाली. "पहिली फोड मात्र अण्णांकडे पाठवीन. पेपर वाचून झाला की खातील सावकाश."