अर्जातली आई

स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन शिकणाऱ्या करिष्माला पुढच्या शिक्षणासाठी परदेशातली शिष्यवृत्ती हवी होती. सरांच्या सांगण्यावरून तिने अर्जात आईचीच गोष्ट लिहिली. "मला बी वाचून दाखव की," लसूण सोलताना आई म्हणाली. करिष्मा मराठीतून सांगत गेली: चाकणच्या कारखान्यात आईची दोन बोटं प्रेसखाली तुटली, काम सुटलं, आणि ती असहाय बाई रोज रडत राहिली. आईचे हात थांबले. "मी कधी रडले गं? हाताची पट्टी सुटायच्या आधी डबे चालू केले. रडत बसले असते तर चपात्या तुझ्या बापानं लाटल्या असत्या व्हय?" "तिकडच्या लोकांना तसंच लागतं, आई," करिष्मा पुटपुटली. ओशाळून ती ते वाक्य पुसू लागली. आईने तीन बोटांचा हात तिच्या हातावर ठेवला. "ऱ्हाऊ दे. तुझं जाणं होत असंल, तर रडले म्हण."