पुढच्याला ठेच

"तिसरी चूक मात्र जिवावर बेतते," उस्ताद म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच अंगणाचं फाटक करकरलं.

वहिनी आत आली. काखेत कापडाचं भलंमोठं गाठोडं. उस्तादच्या कपाळाला आठी पडली. सहलीचं सामान भाड्याने देणारं दुकान त्याचं, आणि निघण्याआधीचा हा वर्ग म्हणजे त्याचा हुकमी एक्का. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकणं ही पहिली चूक, कोरे करकरीत बूट घालून डोंगर चढणं ही दुसरी. इथपर्यंत लोक खदाखदा हसायचे. तिसरीला चिडीचूप व्हायचे. ती ज्याने केली, त्याची बायकोच आता समोर उभी होती.

"या वहिनी. काही काम होतं?"

"काम कसलं? माझ्या नवऱ्याला तुम्ही चारचौघांत मूर्ख ठरवता म्हणे. म्हटलं, एकदा आपल्या कानांनी ऐकावं."

बाकांवरची माणसं चुळबुळली. एक नवं जोडपं, एक निवृत्त शिक्षक, बँकेतल्या मैत्रिणींचं टोळकं. सगळे उद्या निघणार होते.

"मूर्ख नाही हो," उस्ताद समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. त्याच्या चुकीने आजवर किती जीव वाचले असतील!"

"मग सांगा की. थांबलात का?"

बाई पहिल्यापासूनच तोंडाची फटकळ. नवरा दुकानात भागीदार होता तेव्हाही येऊन दोघांना झापायची. तो गेल्यावर उस्तादने पाटीवरून त्याचं नाव पुसलं, तर तिने भर रस्त्यात उस्तादचा उद्धार केला होता. उस्तादने मूग गिळले. विधवेशी भांडून कुठला दुकानदार जिंकला आहे?

तो गिऱ्हाइकांकडे वळला.

"मी आणि माझा भागीदार, दोघंच वर गेलो होतो. नवी वाट पाहायला. थंडी मरणाची. त्याचा तंबू वेगळा, माझा वेगळा. मी बजावलं होतं, कोळशाची शेगडी बाहेरच राहू दे. ऐकेल तर शपथ! शेगडी आत घेतली, आणि वारा नको म्हणून दाराच्या नाड्या आतून करकचून बांधल्या. बंद जागेत त्या कोळशाचा विषारी वायू होतो. त्याला ना रंग, ना वास. सकाळी मी हाका मारून दमलो. शेवटी मागचं कापड चाकूने फाडून आत शिरलो. त्याच तंबूत गुंडाळून त्याला खाली आणलं."

ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज कधी अडखळत नसे. नवी नवरी पदराने डोळे टिपू लागली.

"हाच तो तंबू," म्हणत वहिनीने गाठोडं धपकन खाली टाकलं. "पोलिसांनी गुंडाळी जशीच्या तशी परत दिली. माझा हात लावायचा जीव होईना. माळ्यावर पडून होता. परवा काढला, फाटलेलं शिवलं. मुळात शिवलेलाही मीच."

"कशाला वहिनी, जखमेवर मीठ..."

"मीठ तुम्ही चोळताय, दर वर्गाला. आता निदान नीट दाखवा तरी. हा उभा करा, आत जा, नाड्या बांधा. कळू दे लोकांना, माझा नवरा कसा मेला ते."

"बरोबर बोलतायत त्या," शिक्षक म्हणाले. "प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस विसरत नाही."

उस्ताद मनातून चरफडला. नाही म्हणावं तर बाई इथेच तमाशा करणार, उद्याची सहल बोंबलणार. दाखवून टाकलं तर कायमची ब्याद टळेल. आणि तंबू म्हणजे त्याच्या हातचा मळ. त्याने खांब रोवले, खुंट्या ठोकल्या. दाराचे पडदे वहिनीने वर गुंडाळून ठेवलेले होते. मागचं ठिगळ बारीक टाक्यांचं, सुबक होतं. जिभेला काटे असले तरी बाईच्या हाताला वळण होतं.

"तर मंडळी, बघा," असं म्हणत तो वाकून आत शिरला. "माणूस असा आत बसतो..."

"पडदे मी सोडते," वहिनी म्हणाली.

पडदे खाली आले. आत पिवळट उजेड आणि कुबट वास. उस्तादने सवयीने एका पडद्याच्या कडेवरून हात फिरवला. मग दुसऱ्याच्या. पार जमिनीपर्यंत. हाताला काहीच लागेना.

"बांधा की, भावजी."

"बांधतो, बांधतो. इथल्या नाड्या... तुटलेल्या दिसतात."

"एकही तुटलेली नाही."

पडदे बाहेरून ताणले गेले. कोणीतरी खालून वर, सावकाश, एकेक गाठ मारत येत होतं.

"चूक माझीच, भावजी," पलीकडून वहिनी म्हणाली. "शिवताना कापड उलटं धरलं. सगळ्या नाड्या बाहेरच्या अंगाला लागल्या. मी उसवायला घेतल्या तर हे हसले. म्हणाले, असू दे, बाहेरून बांधायला उस्ताद आहेच."