हर्षालीचं रुखवत

"हंस पहिला उलटा करून बघणार ती," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पोटाखाली दुकानाची चिठ्ठी न्हाई ना? बघ एकदा."

हर्षालीनं लोकरीचा हंस उलटा केला, आईला दाखवला आणि परत टेबलावर ठेवला. चिठ्ठी नव्हती.

जळकोटच्या मंगल कार्यालयात रुखवत मांडून झालं होतं. तासाभरात तेरहून वऱ्हाड येणार होतं आणि लक्ष्मीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. लाडू, करंज्या, शेवया त्यांनी स्वतः केल्या होत्या, त्यांची काळजी नव्हती. धास्ती होती ती नवरीच्या हातच्या वस्तूंची. नवरदेवाची आत्या सोजरबाई त्या बघणार होती.

सोजरआत्याच्या हातून तेरच्या भावकीतलं एकही रुखवत सुटलेलं नव्हतं. मागं एका लग्नात तिनं कापडी पोपटाच्या शेपटीखालून किमतीची चिठ्ठी शोधून काढली होती. त्या सुनेला दोन लेकरं झाली तरी भावकी तिला अजून पोपटवालीच म्हणते.

आता हर्षालीचं म्हणाल तर पोरगी गुणाची. धाराशिवला पतसंस्थेत नोकरी, हिशेबाला पक्की, बोलायला गोड. पण हातात सुई दिली की सुईच हरवायची. शाळेत रुमालावर फूल काढायला सांगितलं, तर हिनं रुमाल स्वतःच्या फ्रॉकलाच शिवून टाकला होता. हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होतं, आणि तरीही सोयरीक ठरताना त्या भरल्या बैठकीत बोलून गेल्या होत्या, "आमची पोरगी हातानं लई कसबी हाय." बोलून झाल्यावर त्यांचा त्यांनाच घाम फुटला.

पण माघात लग्न ठरलं आणि नवलच सुरू झालं. दर शनिवारी हर्षाली एस्टीनं घरी यायची ती खोकं घेऊनच. कधी त्यातून सुपारीचे नवरानवरी निघायचे, नवऱ्याला फेटा आणि नवरीला नथ. कधी खोबऱ्याच्या वाटीवर कोरलेला मोर. शेवटच्या खोक्यातून मोत्यांचं तोरण निघालं, तेव्हा शेजारच्या नूरजहाँभाभी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "या अल्ला, ही आपलीच हर्षाली का?"

लक्ष्मीबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं. "खरं सांग. इकत आणलंस?"

"एक बी वस्तू इकतची न्हाई. तुझी शपथ."

"मग मैत्रिणीनं केल्या?"

"कुठल्याच मैत्रिणीनं न्हाई. आई, तू लाडवाचं बघ की."

लेक खोटी शपथ घेणारी नव्हती. लक्ष्मीबाईंनी देवापुढं साखर ठेवली. लग्नाच्या ओढीनं पोरगी सुधारली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ठरल्यापासून ती सारखी फोनला चिकटलेली असायची, तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नव्हती.

जावईही तसाच गरीब गाईसारखा. अमरसिंहाचं धाराशिवात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पत्रिका द्यायला आला तेव्हा बोटाला पट्टी होती. लक्ष्मीबाईंनी हळद लावून दिली, तर म्हणाला, "असू द्या मामी, बारीक काम हाय, लागतंच." नंतर सगळा वेळ तो दारावरच्या जुन्या तोरणाकडं बघत बसला. हर्षालीच्या वडिलांनी, बलभीमरावांनी, रात्री बायकोला सांगितलं, "लाजाळू हाय पोरगं. मान वर करून माणसाकडं बघत न्हाई."

वऱ्हाड आलं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली. नवरानवरी स्टेजवर फोटो काढून घेत होती आणि सोजरआत्या चष्मा पुसत रुखवताच्या टेबलाशी आली. तिच्या मागं बायकांचा घोळका जमला. लक्ष्मीबाई पदर सावरत शेजारी उभ्या राहिल्या.

हंस उलटा झाला. मोर उलटा झाला. सुपारीच्या नवऱ्याचा फेटाही तिनं हलकेच उचलून बघितला.

"इकतचं न्हाई हे," आत्या म्हणाली.

घोळका कुजबुजला. लक्ष्मीबाईंच्या जिवात जीव आला. इतका आला, की त्यांना गप्प बसवेना.

"सगळं हर्षालीनं केलंय, आत्याबाई. रात्र रात्र जागून. मी म्हनायची, अगं डोळे जातील तुझे."

"व्हय का," आत्या म्हणाली आणि तिनं तोरण उचललं. पुढून बघितलं, मग पालथं घालून तळहातावर पसरलं. एका मोत्यापाशी तिचं बोट थांबलं.

"काय झालं, आत्याबाई?"

"ही गाठ."

"सुटली का?"

"सुटंल कशी? उलट्या हातानं मारलेली दुहेरी गाठ हाय. माझ्या आईची. तिच्या माघारी ही गाठ फकस्त मलाच येती." आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "भावकीतल्या समद्या पोरींना शिकवायला बसले. एक बी पोरगी टिकली न्हाई, बुडाला मुंग्या लागल्यागत उठून पळाल्या. एकच लेकरू तेवढं शेवटपर्यंत माझ्याजवळ बसलं."

लक्ष्मीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्टेजकडं बघितलं. हर्षालीनं शालूचा पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हसून हसून गदगदत होते.

सोजरआत्या तोरण घेऊन तरातरा स्टेजच्या पायऱ्या चढली, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात नवरदेवाला म्हणाली, "अमर, काम झ्याक झालंय, पण ही शेवटची ओळ लग्नाच्या घाईत ओवलीस न्हवं?"