कॅप्टन बसत नाहीत

"बसा ना," मॅनेजर पुन्हा म्हणाला.

कोणी बसेना. हॉटेलचे जुने नोकर आपापल्या खुर्चीमागे उभे होते. सवयीने प्रत्येकाने खुर्ची थोडी मागे ओढून धरली होती, जणू आता कोणीतरी येऊन तिच्यात बसणार होतं. त्यांच्या बायका तेवढ्या बसल्या होत्या. त्यांनी या हॉलमध्ये कधी नोकरी केली नव्हती, त्यामुळे त्यांना बसता येत होतं.

हॉटेल नव्या मालकाने घेतलं होतं. जुनं ते सोनं असतं, हे त्याला अलीकडेच कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून जुन्या माणसांना सहकुटुंब जेवायला बोलवायचं, त्यांच्या आठवणी कॅमेऱ्यात घ्यायच्या आणि त्या पाहुण्यांना दाखवायच्या, असं ठरलं. मॅनेजर तरुण होता. आठवणी कशा असाव्यात हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

अखेर कॅप्टन बसले, तेव्हा बाकीचे बसले. कॅप्टन म्हणजे वाढप्यांचे मुख्य. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक त्यांना कॅप्टनच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला कॅप्टनीणबाई. ते बसले ते केवळ बायकोला दिलेल्या शब्दाखातर. लग्न नवं असताना त्यांनी सांगितलं होतं, एक दिवस तुला त्या हॉलमध्ये नेईन आणि तुझ्या शेजारी बसून जेवीन. पण हॉटेलची जेवायची वेळ आणि घरची जेवायची वेळ एकच निघाली. कॅप्टन घरी येत तेव्हा बाई जेवलेल्या असत. मग त्या वाढत आणि कॅप्टन जागचे न हलता जेवत. दिवसभर लोकांना वाढून आलेल्या माणसाने घरी पाण्याचा पेला तरी का उचलावा, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर तरी एकत्र जेवू, असं बाईंना वाटलं होतं. पण तोवर सवय हाडीमाशी खिळली होती. ते बसत आणि त्या वाढत.

येताना बसमध्ये बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. छत कोसळलं तरी उठणार नाही, असं कॅप्टनांनी कबूल केलं होतं.

मॅनेजरने कॅमेरा सुरू करायला सांगितला आणि एका गाजलेल्या गायिकेची आठवण विचारली. ती याच हॉटेलात उतरायची. दिसायला कशी होती?

एकेकाळी इथली लिफ्ट चालवणारे लिफ्टवाले आधी बोलले. चेहऱ्याचं काही सांगता यायचं नाही, म्हणाले, पण उजव्या बुटाची टाच झिजलेली होती. कॅप्टनांनी भर घातली की त्या गायिका डाव्या हाताने खायच्या आणि त्यांची अंगठी बोटात सैल होती. पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपल्या कामाकडे बघायचं, हा हॉटेलचा पहिला धडा. तो इतका पक्का झाला होता, की एवढी मोठमोठी माणसं येऊन गेली, पण कोणी कोणाला पाहिलं नव्हतं.

बरं, मग तुम्हाला स्वतःला तेव्हा काय वाटायचं, असं मॅनेजरने विचारलं. इस्त्रीवाले म्हणाले, तशी पद्धत नव्हती.

मॅनेजरने कॅमेरा बंद करायला सांगितलं आणि सूप मागवलं.

वाढायचं ते डावीकडून, पण सूप उजवीकडून आलं. वेटरचा अंगठा सुपात होता. कॅप्टन छताकडे बघू लागले. दुसऱ्या वेटरने लोकांचं खाणं चालू असतानाच बशा उचलल्या आणि तिथेच एकीवर एक रचल्या. त्या आवाजाने कॅप्टनांचा खांदा उडाला. बाईंनी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, तिकडे बघू नका. त्यांनी ऐकलं. मग भाजलेली कोंबडी आली, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर रश्शाचा एक थेंब पडला.

"जरा सांगून येतो," कॅप्टन म्हणाले आणि उठले.

त्यांनी वेटरच्या हातातून मोठी थाळी घेतली. रुमाल आपोआप मनगटावर आला. पाठ ताठ झाली. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराचं दार धरायला लिफ्टवाले उठले. डाग पुसायला इस्त्रीवाले उठले. बघता बघता पुरुषांच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. हातचं काम गेलेले नवे वेटर काही वेळ उभे राहिले, आणि मग त्याच खुर्च्यांवर बसले. मॅनेजरही बसला. जेवण त्याला आवडलं. त्याने कॅमेरा पुन्हा सुरू करायला सांगितला. याला म्हणतात आठवण, असं तो शेजारच्या वेटरला म्हणाला.

कॅप्टनीणबाईंच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी राहिली. त्यांचे डोळे भरून आले. आता हा माणूस जवळ आला की बाही धरून खाली बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. जन्मात एक शब्द दिला होता, तोही या माणसाला पाळता येऊ नये?

कॅप्टन रांगेने येत होते. प्रत्येकाच्या डावीकडून, नजर ताटावर. ते बाईंपाशी आले. बाईंनी "अहो" म्हणायला तोंड उघडलं.

कॅप्टन किंचित वाकले. बाईंनी घरी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बाईसाहेब, थोडं आणखी घेणार?"

त्यांनी वर पाहिलंच नव्हतं. बाईंनी शब्द गिळला आणि ताट जरासं पुढे सरकवलं. कॅप्टनांनी चांगला तुकडा निवडून वाढला, पेला भरला, ताटाजवळचा चुरा टिपून घेतला. आणखी काही हवं का म्हणून क्षणभर थांबले, आणि पुढे गेले.

"अगं बाई, ओळखलं नाही की काय तुम्हाला?" शेजारच्या इस्त्रीवालीणबाई म्हणाल्या. "हाक मारा ना. बसवा त्यांना खाली. शब्द दिलाय म्हणत होतात."

"थांबा हो जरा," कॅप्टनीणबाई मांडीवरचा रुमाल नीट करत म्हणाल्या. "गोड यायचंय अजून."